घरगुती, नैसर्गिक आणि चिवट

निसर्गात चिवटपणा फार कमी आहे. आंबा चिवट नसतो, पेरू नसतो, जांभूळ तर नसतंच. यांच्यापैकी कोणीही दाताला चिकटून पाच मिनिटं हुज्जत घालत नाही. चिवट म्हणाव्यात अशा गोष्टी दोनच, जनावराचं कातडं आणि आमच्या घरातली माणसं. मृगाच्या पावसापासून दत्तजयंतीपर्यंत गॅससमोर उभं राहून मी एवढं ज्ञान मिळवलं आहे.

सुरुवात झाली ती चिरंजीवांच्या वर्गमित्राच्या वाढदिवसाला मिळालेल्या रिटर्न गिफ्टमधून. पेन्सिल, खोडरबर आणि रंगीबेरंगी अस्वलांच्या गमीचं, म्हणजे अस्वलाच्या आकाराच्या चिवट गोळ्यांचं, एक पाकीट. माझी बायको बँकेत कर्जविभागात आहे. छापलेला मजकूर जितका बारीक, तितकी ती तो मन लावून वाचते. पाकीट उलटं करून तिने वाचायला घेतलं. ग्लुकोज सिरप, साखर, जिलेटिन, आम्लता नियामक, रंग आणि कार्नौबा मेण.

"मेण?" ती म्हणाली.

ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. मोटारीच्या पॉलिशमध्येही तेच असतं आणि अस्वलंही त्याच्यामुळेच चकाकतात. ही माहिती मी उत्साहाने पुरवली. नवऱ्यांनी घरात माहिती पुरवू नये. तिला हात फुटतात आणि ते आपल्याच कामाला लागतात.

जिलेटिन म्हणजे काय, हे आईने विचारलं. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात, पाकिटावर तपकिरी त्रिकोण आहे तो त्याचाच, असं बायकोने सांगितलं. आई गप्प झाली. तिने आधीच दोन अस्वलं खाल्ली होती, एक लाल आणि एक हिरवं. देवघराकडे पाहून तिने हात जोडले, बराच वेळ काहीतरी पुटपुटली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लाल बरं होतं."

त्याच रात्री बायकोच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. पांढऱ्याशुभ्र ओट्यावर एक हसरी बाई तीन जिन्नसांत, तीन मिनिटांत, साखर न घालता गमी करत होती. तिच्या ओट्यावर ओलं फडकं नव्हतं, उष्टी कढई नव्हती आणि मागे कुकरच्या शिट्ट्या मोजणारी सासूही नव्हती. मी घरून काम करतो. घरून काम म्हणजे लोकांचे हिशेब तपासणं, पण डोंबिवलीत घरी असलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, अशी समजूत आहे. "तू तसाही घरीच असतोस," असं म्हणून गमीखातं माझ्याकडे आलं.

या धंद्याचा इतिहास पाहिला तर फार उत्साहवर्धक आहे. हान्स रीगेल नावाच्या माणसाने १९२० साली जर्मनीतल्या बॉन शहरात घरच्या घरी गोळ्या करायला घेतल्या. भांडवल म्हणजे साखरेचं पोतं, तांब्याचं भांडं, संगमरवराची फरशी वगैरे. स्वतःच्या नावाची आणि गावाची पहिली अक्षरं जोडून त्याने कंपनीला हारीबो नाव दिलं आणि १९२२ मध्ये गमीचं अस्वल काढलं. त्याची बायको गर्ट्रूड ही कंपनीची पहिली कामगार, ती सायकलवरून माल पोचवायची. आमच्याकडे फरक इतकाच की मालक बायको होती आणि पहिला कामगार मी.

जिलेटिन बाद झाल्यामुळे चायना ग्रास आणायचं ठरलं. वाण्याने पुडी काढता काढता विचारलं, "पुडिंगला का?" मी म्हटलं, अस्वलांना. त्याने पुढे काही विचारलं नाही. चायना ग्रास म्हणजे अगर, ते समुद्रातल्या लाल शेवाळापासून करतात. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात उतरून हे शेवाळ गोळा करतात. आईला हे सांगितल्यावर शाकाहारी ठरायला अडचण आली नाही, पण उपासाला चालतं की नाही, हा नवा प्रश्न निघाला. गावाकडे आत्याला फोन गेला. साबुदाणा, बटाटा, मिरची हे सगळे परदेशातून येऊन उपासाला बसले आहेत, मग आपल्याच समुद्रातल्या शेवाळाने काय घोडं मारलंय, असा निकाल आत्याने दिला. घरात अजून एकही गमी तयार नव्हती, पण तिचा एकादशीचा बंदोबस्त झाला.

शेवटचे हापूस होते. रस काढला, अगर पाण्यात खळखळून उकळलं आणि दोन्ही एकत्र केलं. अगरचा स्वभाव आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा आहे, लवकर विरघळत नाही आणि एकदा बसला की हलत नाही. विरघळायला त्याला ८५ अंशांच्या वर तापावं लागतं. मात्र ४० अंशांच्या खाली आला की फ्रिज नको, बर्फ नको, असेल तिथे बसतो. रस होता फ्रिजमधला. त्यामुळे आमचा अगर पातेल्यातच बसला. परत तापवला. अस्वलांचे सिलिकॉनचे साचे आले होते, एकेक अस्वल करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. त्यात रस भरायला चिरंजीवांच्या तापाच्या औषधाचा ड्रॉपर घेतला. दोन अस्वलं भरेपर्यंत आंब्याचा एक तंतू ड्रॉपरच्या तोंडात अडकला, तो काढेपर्यंत पातेल्याला साय धरली, आणि साय ढवळेपर्यंत माझा एक अशील फोनवर आगाऊ कराचा हप्ता कधी भरायचा ते विचारत होता. "आधी पूर्ण गरम होऊ दे," असं मी त्याला सांगितल्याचं आठवतं.

शेवटी अस्वलं निघाली. चिरंजीवांनी एकाचा कान धरून ओढला. कान हातात आला.

"बाबा, हे तुटतंय."

"मग?"

"गमी तुटत नाही. ताणली जाते. मग सोडली की परत येते."

आईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून जरा थांबली आणि म्हणाली, "आंब्याचं गार पिठलं." पण तिने आणखी घेतलं.

माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. शनिवारी ती आली, ताटलीकडे पाहून हसत सुटली. "मामा, आम्ही यावर जंतू वाढवतो!" मग तिने एक गोष्ट सांगितली. १८८१च्या सुमाराला जर्मनीत रॉबर्ट कोखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरायचे. उन्हाळ्यात ते पातळ व्हायचं, शिवाय काही जंतू तेच खाऊन टाकायचे. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसेची बायको फॅनी घरी जेली करताना अगर वापरायची, आणि तिनेच सुचवलं की हे वापरून पाहा. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत अगरच्या बशा आहेत. म्हणजे स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेलेला पदार्थ मी परत स्वयंपाकघरात आणला होता. जंतूंनाही पत्ता लगेच सापडला. जुलैच्या दमट हवेत, डब्याबाहेर राहिलेल्या अस्वलांच्या पाठीवर एका रात्रीत पांढरी लव आली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात हिरवे ठिपके उमटले. भाचीने फोटो मागवला, शक्य तर नमुनाही.

जांभळांचं प्रकरण तसं लहान होतं. रंग नैसर्गिक हवा म्हणून जांभळं आणली. रसाचा तुरटपणा जावा म्हणून आईने माझी पाठ वळल्यावर त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. जांभळाचा रंग आंबट पदार्थात लालसर राहतो आणि सोड्यासारख्या क्षारात निळा-हिरवा होतो. पातेल्यातला रस आमच्या डोळ्यांदेखत शाईसारखा निळाकाळा झाला. चिरंजीवांना इतका आनंद गमी पाहूनही झाला नव्हता. त्यांनी वर लिंबू पिळायला लावलं, रस गुलाबी झाला, पुन्हा सोडा, पुन्हा लिंबू. शेवटी तो रस फेसाळत पातेल्याबाहेर आला. ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर त्याचे डाग अजून आहेत. त्यांना आम्ही आता डिझाइन म्हणतो.

मग मला कुठूनसं कळलं की कारखान्यात अस्वलांसाठी साचे वापरतच नाहीत. मोठमोठ्या ट्रेमध्ये मक्याचं पीठ सपाट करतात, त्यात ठशांनी खड्डे पाडतात आणि खड्ड्यांत गरम पाक ओततात. पीठ ओलावा ओढून घेतं आणि गमी चिवट होते. इतकी सोपी, साधी, पिठाची गोष्ट! मी कणकेची परात काढली, कॉर्नफ्लोअरची चार पाकिटं ओतली, स्टीलच्या पट्टीने पीठ सपाट केलं. ठशासाठी चिरंजीवांनी प्लास्टिकचे डायनासोर दिले, आईने मोदकाचा साचा दिला. परात खरोखर सुंदर दिसत होती. रांगेने मोदक, रांगेने डायनासोर. पाक ओतण्याआधी तो जरा निवावा म्हणून मी पातेलं बाजूला ठेवलं, आणि चिरंजीवांनी त्याच सद्हेतूने पंखा पाचवर लावला.

घरकामाच्या मावशी त्याच वेळी आत आल्या. दारातच थांबल्या. फ्रिज पांढरा, मी पांढरा, आई पांढरी, देवघरातला बाळकृष्णसुद्धा पांढरा. "दादा," त्या म्हणाल्या, "मी उद्या येते."

थंडी पडल्यावर आईने सूत्रं हातात घेतली. लग्नाआधी तिने फळप्रक्रियेचा वर्ग केला होता, आणि त्याचं प्रमाणपत्र अजून तिच्या पत्रिकेच्या फायलीत आहे. तिचं म्हणणं असं की शेवाळ, पीठ ही सगळी सोंगं आहेत. फळाच्या अंगातच पेक्टिन असतं, तेच घट्ट करतं. पेरूत भरपूर, कवठात भरपूर, लिंबाच्या सालीत भरपूर. ते फळात आहे की नाही याची परीक्षासुद्धा असते. चमचाभर रसात स्पिरिट घालायचं. एकसंध गोळा आला तर पेक्टिन चांगलं, बारीक बारीक कण आले तर कमी. नंतर तो रस टाकून द्यायचा.

"घरात स्पिरिट नाही," मी म्हटलं.

"तुझ्या कपाटात, आयकराच्या पुस्तकांच्या मागे आहे ते आण."

आणलं. ४२.८ टक्क्यांत गोळा काही धड जमत नाही, एवढी माहिती या परीक्षेतून मिळाली. बाटली परत मिळाली नाही.

पेरू सालीबियांसकट शिजवले, चाळणीवर घासून गर काढला. आता साखर. इथे बायको आडवी आली. साखर घालायची तर पाकिटातलं काय वाईट होतं? तिचा मुद्दा बिनतोड होता, पण पेक्टिनला मुद्दे कळत नाहीत. त्याला आंबटपणा लागतो आणि वजनाच्या साधारण ६५ टक्के साखर लागते, त्याशिवाय ते एकमेकांचे हात धरत नाही. म्हणजे तीन जिन्नसांपैकी फळ हा दुय्यम जिन्नस होतो. आईने उसाचा संदर्भ दिला, ऊसही शेतातच येतो म्हणाली. बायकोने टक्केवारीवर घासाघीस केली, तिला ती सवयच आहे. गुळाचा प्रस्ताव आला आणि चर्चेत पडला. अखेर "मुलाला दिवसाला एकच वडी" या अटीवर साखर मंजूर झाली.

ज्याने पेरूचा गर आटवला नाही त्याने ज्वालामुखीबद्दल बोलू नये. वरून शांत दिसतो, खालून एक बुडबुडा सावकाश येतो आणि फुटताना १०० अंशांवरचा एक ठिपका नेमका मनगटावर टाकतो. ढवळणं थांबवलं की बुडाला लागतो. ढवळलं की भाजतो. मी पूर्ण बाह्यांचा रेनकोट आणि स्कूटरचे हातमोजे घातले आणि लांब दांड्याचा कालथा घेऊन उभा राहिलो. त्याच अवस्थेत एका अशिलाची व्हिडिओ मीटिंग झाली. कॅमेरा बंद ठेवण्याचं कारण मी नेटवर्क सांगितलं. मधूनमधून येणाऱ्या "आई गं" या उद्गारांचा अर्थ त्याने आपल्या ताळेबंदाशी लावला आणि दोन नोंदी आपण होऊन दुरुस्त केल्या.

गर कढईच्या कडा सोडू लागला. तूप लावलेल्या ताटात थापला, रात्रभर ठेवला, सकाळी कापला. लालसर, पारदर्शकतेच्या जवळपास जाणारा आणि चिवट! कान ओढायला कान नव्हता, पण चौकोन ताणला जात होता. बायकोने काही तुकडे बँकेत नेले. तिथे मडगावची एक सहकारी आहे. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "हे तर पेराद! आमच्याकडे नाताळच्या फराळात, कुसवारात, असतंच." म्हणजे ज्याच्यासाठी मी सहा महिने भाजून घेतलं, ते गोव्यात दरवर्षी निमूटपणे होत होतं आणि कोणी व्हिडिओ काढून मला त्रास देत नव्हतं. मी बायकोला म्हटलं, आपण मडगावहूनच मागवू. "त्यात काय टाकतात कोण जाणे," ती म्हणाली. सहकारी समोर नव्हती म्हणून बरं.

चिरंजीवांनी डबा शाळेत नेला. संध्याकाळी डबा रिकामा पाहून माझा ऊर भरून आला.

"सगळ्या संपल्या?"

"हो! एकाला सगळ्या दिल्या."

"तू नाही खाल्ल्यास?"

"नाही. त्याने मला अस्वलांचं अख्खं पाकीट दिलं. बसमध्येच संपवलं."

आठ वाजता त्या मुलाच्या आईचा फोन आला. मी दिलगिरीची तयारी केली होती, पण बायकोचा चेहरा खुलत गेला. हो, घरीच करतो. हो, पूर्ण नैसर्गिक. छे, मेण कसलं! मग तिने फोनवर हात ठेवला आणि मला हळूच विचारलं, "वाढदिवसासाठी ऑर्डर आहे. पाव किलोला किती सांगू?"

हिशेब हे माझं क्षेत्र. पेरू, साखर, गॅस, कॉर्नफ्लोअरची चार पाकिटं, साचे, टाइल्स, मनगटाला लावलेलं मलम, एक बाटली आणि माझ्या व्यवसायाचा तासाचा दर, हे सगळं धरून मी आकडा सांगितला.

"दीडशे रुपये," बायको फोनवर म्हणाली. "आणि घरपोच देतो आम्ही. हे घरीच असतात."