जाळीचं दार लावताना टेप घरीच विसरावा

जुनी बस घेऊन तिचं घर केलंत? झकास. मागे पलंग, मधे ओटा, टपावर पाण्याची टाकी, सगळं झालं आणि आता फक्त जाळीचं दार राहिलंय, असंच ना? म्हणजे काम संपतच आलं. माझंही दिवाळीआधी संपतच आलं होतं. तुळशीची लग्नं लागून गेली, ते अजून संपतच आलेलं आहे. तेव्हा अनुभवी माणसाचे चार शब्द ऐकून घ्या.

बस शक्यतो धानाच्या बांधीला खेटून उभी करावी. आमची भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूला अशीच उभी आहे. पुढे बांध्या, मागे बोडी, म्हणजे छोटं तळं. धान पिकायला आलं की संध्याकाळी आत बल्ब लावायचा आणि दार उघडं टाकायचं. पाच मिनिटांत हिरवे तुडतुडे हजर. वरणावर वेगळी कोथिंबीर घालावी लागत नाही.

डासांचं फार मनावर घेऊ नये. डेंग्यूचा डास दिवसाही चावतो, त्यामुळे ‘रात्रीपुरतं दार लावून घेऊ’ म्हणणाऱ्यांचीही सोय आहे. आणि आपल्याकडे हत्तीरोगाच्या तपासणीला आरोग्यवाले रात्री उशिरा येऊन बोटातून रक्त घेतात ते काय हौस म्हणून? ते जंतू रात्रीच रक्तात वर येतात. एवढा वक्तशीर पाहुणा आपल्या भागात दुसरा कोणी असेल तर सांगा.

जाळी स्वस्तातली, हिरवी नायलॉनची घ्यावी. धानाचे उंदीर ती एका रात्रीत कुरतडतात, मग नवी घ्यावी. इंचाला अठरा-सोळा धाग्यांची फायबर जाळी, उंदरांसाठी स्टीलची जाळी, असल्या गोष्टी दुकानदाराला विचारून त्याचा वेळ घालवू नये.

काहीजण चिकटपट्टीवर जाळीचा पडदा लावतात. लावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की पत्रा तव्यासारखा तापतो, डिंक वितळतो आणि पडदा आपोआप चहाच्या भांड्यात येतो.

लोहचुंबकाचा पडदा आणणार असाल तर वाऱ्याला आधी विचारून घ्या.

मागच्या आपत्कालीन दारावरही जाळी स्क्रूने कायमची ठोकून टाका. आग लागली तर निदान डास तरी आत येणार नाहीत.

आता मुख्य मुद्दा, माप. माप घेऊ नये. घेणाऱ्यालाही घेऊ देऊ नये. तशी वेळच येत नाही म्हणा. आमच्याकडे तालुक्याहून ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा पोरगा आला. कानाला पेन्सिल, खिशात दोन मोबाइल. म्हटलं, “बाबू, टेप?” तर म्हणे, “टेप कायले काकाजी? दरवाजा पाहूनच समजते.” दारात उभा राहिला, वितीने रुंदी मोजली, फोटो काढला, चहा घेतला, तीन हजार ॲडव्हान्स घेतला आणि “परवा लावून देतो” म्हणून गेला. परवा गावात मंडई होती, म्हणजे दिवाळीनंतरची, रात्री नाटक असणारी जत्रा. त्याच्या पुढच्या परवा सासुरवाडीच्या गावात मंडई होती. मग रात्रभर नाटक पाहिल्यामुळे झोप राहिली होती. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या माणसाने नाटकाला नाही म्हणावं असं मीही म्हणणार नाही. एकोणिसाव्या दिवशी दार आलं. अठ्ठावीस इंच रुंद. का, तर “स्टँडर्ड साइज आहे काकाजी.”

बसचं दार म्हणजे घराची चौकट नव्हे, हे सांगून त्याचं मन दुखवू नका. बसच्या अंगाला पोट असतं. पत्रा कमरेशी बाहेर येतो, वर आणि खाली आत जातो, म्हणून सपाट चौकट टेकवली की वर-खाली फट राहते. रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी घेतली की तीन आकडे येतात. माझ्याकडे साडेपंचवीस, सव्वीस आणि पावणेपंचवीस इंच आले. दोन्ही कर्ण मोजले तर त्यांच्यातही पाऊण इंचाचा फरक. शाळेची बस होती, पोरांनी वर्षानुवर्षं लटकून चौकट तिरपी केलेली. काटकोन पाहायचा गुण्या लावला तर गुण्याच खजील होतो. हे सगळं मी टेप लावून, कागदावर काढून त्याच्या हातात दिलं होतं. त्या कागदावर त्याने चहाचा कप ठेवला.

अठ्ठावीस इंचाचं दार सव्वीस इंचात बसत नाही, हे ध्यानात आल्यावर तो म्हणाला, “दोन-चार सूत इकडंतिकडं होतेच काकाजी. बस थोडी कापून घेऊ.” आणि खरंच ग्राइंडर जोडायला लागला. बस कापायला निघाला! एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटर, तेवढ्यातून डास सहकुटुंब जातो. हे दोन इंच होते. सोळा सूत. माझ्या घराला भोक पाडून स्वतःची चूक बसवणार होता हा.

त्याला अडवल्यावर त्याने दारच दोन्हीकडून कापलं. आता ते लहान झालं. फटीत स्पंज कोंबला. बसचं मूळ दार बाहेर उघडतं, म्हणून जाळीचं आत उघडायला हवं. पण आत पायऱ्या आहेत, दार पायरीला अडतं. कोणत्याही कंडक्टरला विचारा, सांगेल. म्हणून चौकट पायऱ्या चढून वर आल्यावर, सपाट जमिनीवर उभी करायची असते आणि पायऱ्यांचा खड्डा बाहेर सोडायचा असतो. यावर उत्तर काय? “अर्धंच उघडा न काकाजी. तुम्ही काई जाडे नाही.”

स्क्रू थेट पत्र्यात मारले. रिव्हेट नाही, हादऱ्याने ढिला न होणारा नायलॉकचा नट नाही, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामधे रबराची पट्टी नाही. दुसऱ्या दिवशी पवनीला निघालो. पहिल्या खड्ड्यात एक स्क्रू सुटून पलंगाखाली घरंगळत गेला, टिण् टिण् करत. दुसऱ्या खड्ड्यात दोन. पुलाच्या अलीकडे अख्खं दार माझ्या पाठीवर. बायको शांतपणे म्हणाली, “हवा मात्र चांगली येऊन राहिली.”

हो, नाक्यावर कोणी अडवलं तर बसचं घर केल्याचं सांगू नका. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ५२वं कलम आहे, गाडीत बदल करायला परवानगी लागते. ते कलम तुम्हाला वाचून दाखवायला लोकांकडे भरपूर वेळ असतो.

सध्या ते दार उपयोगात आहे. बायकोने दोन विटांवर आडवं टाकून त्यावर मुंगवड्या वाळत घातल्यात. वड्या छान वाळतात, खालून वारा लागतो. फोन केला तर पोरगा म्हणतो, “चालते ना काकाजी, काई ना काई कामात तर आलं.”

नाही चालत! अजिबात चालत नाही! अरे, टेप शंभर रुपयांत मिळतो. तुझ्या एका मोबाइलच्या कव्हरची किंमत आहे ती. मी आकडे लिहून दिले होते, ते वाचायचे होते, बस्स. तुला येत नाही म्हणून राग नाही, येत असताना करत नाहीस म्हणून राग आहे. माझ्या सासूबाई बसमध्ये राहायला आल्या होत्या, सत्तरीच्या, चार दिवसांत पाय फोडून घेतले खाजवून. त्यांना काय सांगू, दोन-चार सूत इकडंतिकडं होतेच?

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हीही हसू नका. काम पाहण्याआधी ॲडव्हान्स देणारे आपणच, वर कपात साखर किती विचारणारे आपणच. मीही विचारलं होतं. दोन चमचे घेतो तो.

आणि बाबू, रविवारी मी बसमध्येच आहे. येत असशील तर टेप घेऊन ये. नाहीतर तीन हजार घेऊन ये. चहा मिळणार नाही.