पाय दाबल्यावर गाडी ‘विचार करते’, तो दोष वायरचा नव्हे

गेल्या काही महिन्यांपासून साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे आणि आमच्या गॅरेजमध्ये येणारे बरेच ग्राहक तो दाखवूनच बोलायला सुरुवात करतात. त्याचा आशय थोडक्यात असा. नव्या गाड्यांच्या ॲक्सिलरेटरला केबल नसून वायर असते, म्हणून पाय दाबल्यावर गाडी दोन सेकंद विचार करते. केबलच्या गाड्यांत असा उशीर कधीच नव्हता. मायलेज जास्त दिसावे म्हणून कंपन्यांनी तो मुद्दाम भरला आहे. चावी फिरवून पेडल तीस सेकंद पूर्ण दाबून धरले किंवा बॅटरीची तार काढून ठेवली तर तो जातो. कायमचा घालवायचा तर थ्रॉटल कंट्रोलर (पेडलच्या वायरिंगमध्ये बसणारी डबी) बसवावा, म्हणजे ताकद वीस टक्के वाढते. आणि वायर तुटली तर गाडी सुसाट सुटते. यातले एक विधान अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत; आणि एका विधानापायी लोकांचे पैसे जात आहेत, म्हणून हे लिहावे लागले.

आधी ‘दोन सेकंदां’चे पाहू. पेडलच्या मुळाशी दोन स्वतंत्र सेन्सर असतात आणि ते पायाची स्थिती व्होल्टेजच्या रूपाने ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवतात. ईसीयू थ्रॉटल बॉडीवरच्या छोट्या मोटरला आज्ञा देतो आणि मोटर इंजिनात हवा सोडणारी बटरफ्लाय झडप फिरवते. बंद झडप पूर्ण उघडायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. तारेतून जाणाऱ्या संदेशाचा वेळ तर मोजण्याइतकाही नसतो. मग उरलेला उशीर कुठला?

हे पाहण्यासाठी एका शिक्षक ग्राहकांची लहान टर्बो पेट्रोल गाडी घेऊन मी त्यांच्यासोबत यवतेश्वरच्या घाटात गेलो. ओबीडी सॉकेटला, म्हणजे बिघाड तपासायच्या जोडणीला, स्कॅनर लावला आणि पेडल, झडप व मॅनिफोल्डमधला (झडपेपासून इंजिनात जाणाऱ्या नळीतला) हवेचा दाब असे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले. वळण संपल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे तिसऱ्याच गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. वेग ताशी तीसच्या जवळ आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजाराच्या आसपास होते. पेडल आणि झडप यांचे आकडे बरोबरच चढले. असा स्कॅनर सेकंदाचे बारीक तुकडे दाखवू शकत नाही हे मान्य. पण दोन सेकंदांची फट असती तर ती त्याच्या नजरेतून निसटली नसती. मागे राहिला तो हवेचा दाब. तो नव्वद किलोपास्कलवर, म्हणजे त्या उंचीवरच्या बाहेरच्या हवेच्या दाबाशी, रेंगाळला आणि फेरे दोन हजारांकडे सरकू लागले तेव्हा कुठे वर निघाला. पुढच्या वळणावर त्यांना दुसरा गिअर टाकायला सांगितले. फेरे आधीच वर असल्याने दाब लगेच चढला आणि शिक्षक माझ्याकडे पाहून हसले.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, धुराच्या जोरावर फिरतो, आणि कमी फेऱ्यांवर तेवढा धूरच तयार होत नाही. झडप तोवर सताड उघडीच असते. एएमटी, म्हणजे क्लच-गिअर यंत्रच बदलते अशा, गाडीत उशीर आणखी वेगळ्या जागी असतो: पाय दाबला की क्लच सोडणे, चालू गिअर काढणे, खालचा घालणे आणि क्लच पुन्हा धरणे ही सगळी कामे यंत्र करते आणि तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडी चढावर धरून ठेवण्यासाठी काही जण डावा पाय ब्रेकवर ठेवून उजव्याने रेस देतात. बहुतेक नव्या गाड्यांत ब्रेक दाबलेला असेल तर ईसीयू ॲक्सिलरेटरची मागणी मुद्दाम कमी करतो, त्यामुळे ब्रेक सुटेपर्यंत गाडी ‘ऐकत नाही’. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीचा दम उंचीमुळेही कमी होतो, हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्के. चिपळूणहून कासला आलेल्या पाहुण्यांची तक्रार बहुधा एवढीच असते. ही सगळी कारणे एका ‘वायर’ शब्दाखाली कोंबली की खरे कारण शोधायची वाटच बंद होते.

केबलच्या गाड्यांत उशीर नव्हता, हे म्हणणाऱ्यांनी त्या गाड्या एक तर चालवलेल्या नाहीत किंवा ते त्या विसरले आहेत. कार्ब्युरेटरची (जुन्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची) झडप एकदम उघडली की हवा चटकन आत शिरते, पण जड पेट्रोल मागे राहते आणि मिश्रणात क्षणभर पेट्रोल कमी पडते. ही उणीव भरण्यासाठीच कार्ब्युरेटरमध्ये ॲक्सिलरेटर पंप बसवलेला असे, जो पाय दाबताच पेट्रोलची एक पिचकारी मारी. त्याचा डायफ्रॅम फाटला की गाडी आधी ठसकायची आणि मग उचलायची. पद्मिनी आणि जुन्या मारुती ८०० दुरुस्त करताना आम्ही हे किती वेळा पाहिले याची गणती नाही. शिवाय केबल ताणली की पेडलला प्ले, म्हणजे ढिलेपणा, यायचा तो निराळाच. डिझेलबद्दल तर बोलायलाच नको, कारण तिथे जोर ठरतो तो किती डिझेल फवारले यावर, झडपेवर नाही.

आता अर्धे खरे विधान. कंपन्या पायाच्या हालचालीला मुद्दाम गाळणी लावतात, हे खरे आहे. आजचा ईसीयू पेडलकडे ‘झडप इतकी उघड’ असा हुकूम म्हणून पाहत नाही, तर ‘इतका जोर हवा’ अशी मागणी म्हणून पाहतो आणि झडप किती, केव्हा उघडायची ते स्वतः ठरवतो. जोर एकदम दिला तर गिअर, शाफ्ट आणि इंजिनाच्या माउंटिंगमधली ढील एका झटक्यात भरून निघते आणि गाडी हिसका देते, म्हणून पहिला क्षण तो मऊ करतो. दुसरे कारण धुराचे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायला हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ याच्या अगदी जवळ ठेवावे लागते आणि झडप हळुवार उघडली तर ते सांभाळता येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम आणि १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरच्या प्रत्यक्ष धुराचीही अट आल्यावर ही गाळणी अधिक घट्ट झाली असेल तर नवल नाही. काही मॉडेलांत ती माझ्या मते गरजेपेक्षा जास्त आळशी आहे. पण ती सेकंदाच्या अंशांत मोजायची गोष्ट आहे, आणि तिला नुसते मायलेजचे कपट म्हणणे बरोबर नाही.

पेडल दाबून धरण्याच्या आणि बॅटरीच्या तोडग्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ईसीयू शिकतो ती झडपेची बंद स्थिती आणि आयडलिंग. ते शिकलेले पुसले की काही किलोमीटर आयडलिंग डळमळते, घड्याळ आणि रेडिओ नव्याने लावावे लागतात. गाळणीचा नकाशा कायमच्या मेमरीत असतो, तो तार काढून पुसला जात नाही.

पैसे जातात ते थ्रॉटल कंट्रोलरपायी. ही लहान डबी पेडलचा सेन्सर आणि वायरिंग यांच्या मध्ये बसते आणि पायाचा संदेश फुगवून पुढे पाठवते. पाय चाळीस टक्के असेल तर ती ईसीयूला सत्तर सांगते. गाडी हलकी वाटते यात शंका नाही, पण तेच काम स्वतःचा पाय थोडा जास्त दाबून फुकटात होते. पाय पूर्ण दाबल्यावर डबीकडे सांगायला जास्तीचे काही उरत नाही, कारण शंभराच्या पुढे आकडा नाही. आणि इंजिनाची कमाल ताकद तिथेच मोजतात. म्हणून वीस टक्के वाढ हे निखालस खोटे आहे. उलट राजवाड्याजवळच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने पार्किंगमध्ये घालताना तीच डबी अंगाशी येते, आणि पुढे पेडलच्या वायरिंगमध्ये काही बिघडले तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

राहिली सुसाट सुटण्याची भीती. पेडलचे दोन्ही सेन्सर एकमेकांशी जुळले नाहीत किंवा वायर तुटली, तर ईसीयू चेक लाइट लावतो आणि जोर कमी करून गाडी कशीबशी घरी पोहोचण्याइतपत चालू देतो. मोटरचा वीजपुरवठा गेला तर स्प्रिंग झडपेला जवळजवळ बंद स्थितीत आणून ठेवते. भीतीचे मूळ टोयोटाच्या २००९-१० च्या प्रकरणात आहे. तेव्हा अमेरिकी सरकारच्या विनंतीवरून नासाच्या अभियंत्यांनी तपासणी केली. फेब्रुवारी २०११ मध्ये निष्कर्ष आला की धोकादायक वेग येईल असा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. सिद्ध झालेली कारणे म्हणजे पेडलमध्ये अडकणारी चटई आणि जागेवर परत न येणारे पेडल. वाद तिथे पूर्ण मिटला नाही, ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातील एका खटल्यात ज्युरीने कंपनीला जबाबदार धरले, हेही सांगितले पाहिजे. पण वायर तुटल्याने गाडी सुटते, हा अर्थ यांपैकी कशातूनच निघत नाही.

खरा बिघाड असतोही. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन, उसाच्या हंगामातल्या धुळीने कोंदलेला एअर फिल्टर, घसरणारा क्लच, टर्बोच्या पाइपातली गळती, या सगळ्यांनी गाडीचा पिकअप जातो. कालपरवापर्यंत ठीक ओढणारी गाडी अचानक ओढेनाशी झाली तर यांपैकीच काहीतरी शोधावे. मागच्या महिन्यात आलेल्या एका गाडीच्या मालकांनी डबी बसवूनही फरक पडेना म्हणून तक्रार केली. इंजिन चालू ठेवून रेस दिली तेव्हा बंपरच्या मागून बारीक फुसफुस ऐकू आली. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपाचा क्लॅम्प सैल होता. पाना फिरवून तो आवळला, डबी काढून त्यांच्या हातात दिली, आणि ती परत कुठे विकता येईल का, असे त्यांनी विचारले.