मॅकबुकसाठी कर्ज काढायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘मुलांना सॉफ्टवेअरमध्ये घालायचे असेल तर कर्ज काढा, पण मॅकबुकच घ्या, विंडोजवर वेब डेव्हलपमेंट होत नाही आणि लिनक्स हॅकर लोकांसाठी असते’, असा संदेश सध्या कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. (मॅकबुक म्हणजे ॲपलचा लॅपटॉप; विंडोज आणि लिनक्स म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणाली, तशीच मॅकची मॅकओएस.) कागलजवळ शेती करणाऱ्या माझ्या दाजींनी तो वाचून ऊसबिलाच्या भरवशावर पतसंस्थेत कर्जाचा अर्ज केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

विंडोजवर काम होत नाही, हे साफ खोटे आहे. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने २०२२ साली जगभरातल्या ७० हजारांहून अधिक डेव्हलपरांचे सर्वेक्षण केले. त्यात व्यावसायिक कामासाठी सर्वाधिक वापर विंडोजचा, त्याखालोखाल लिनक्सचा आणि त्यानंतर मॅकओएसचा आढळला. गिट, नोड, पायथन आणि व्हीएस कोड ही डेव्हलपरांची नेहमीची साधने तिन्हीकडे चालतात. शिवाय विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय २०१६ पासून आहे.

संदेशातला सर्वांत घातक मुद्दा पुढचा आहे: ‘मॅक आणि सर्व्हर (वेबसाइट जिथून लोकांना दिसते तो संगणक) दोन्ही युनिक्स या जुन्या प्रणालीच्या घराण्यातले, त्यामुळे मॅकवर चाललेली वेबसाइट सर्व्हरवर जशीच्या तशी चालते.’ शिकणाऱ्या मुलाने यावर विश्वास ठेवला तर तो नेमका इथेच फसतो. वेबसाइट ठेवण्याचे सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सला फाइलच्या नावातले इंग्रजी कॅपिटल व स्मॉल अक्षर वेगळे वाटते. मॅकला मात्र, विंडोजप्रमाणेच, मूळ सेटिंगमध्ये ते एकच वाटते. त्यामुळे कोडमध्ये फाइलच्या नावातले एखादे अक्षर कॅपिटलऐवजी स्मॉल पडले तरी मॅकवर चित्र दिसते आणि सर्व्हरवर गायब होते. डॉकर या साधनाचे लिनक्स कंटेनरसुद्धा (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींचे एकत्र गाठोडे) मॅकवर थेट चालत नाहीत, त्यासाठी आत लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला आभासी संगणक, चालवावे लागते. सर्व्हरसारखेच वातावरण हवे असेल तर लिनक्सच वापरावे, आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराला एक रुपयाही लागत नाही.

लिनक्स हॅकरांचे असते, या विधानाला एवढेच उत्तर पुरे की ज्या अँड्रॉइड फोनवर हा संदेश वाचला जातो, त्याचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिनक्सचाच आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. आयफोनसाठी ॲप बनवायचे तर ॲपलचे एक्सकोड हे सॉफ्टवेअर लागते आणि ते फक्त मॅकवर चालते. परंतु पहिल्या वर्षाला असलेली माझी भाची सध्या वेबसाइट बनवण्यासाठी लागणारे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट शिकते आहे. तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये गेल्या रविवारी आम्ही रॅम वाढवून एसएसडी आणि उबुंटू बसवले, आणि तिचे काम त्यावर व्यवस्थित चालले आहे. दाजींनी कर्जाचा अर्ज अजून मागे घेतलेला नाही.