ते मनुक्यांचं फॉरवर्ड आधी डिलीट करा

"छोट्या ब्रीडच्या कुत्र्यांचा शुद्ध घरगुती आहार, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत" असं एक लांबलचक फॉरवर्ड फिरतंय. रोज सकाळी सात भिजवलेले मनुके, मग घरची आमटी-भात किंवा पोळी-दूध, वर चमचाभर तूप, गोचीड लागू नये म्हणून लसूण, जेवण दिवसातून एकदाच, आणि पाकिटातलं फूड म्हणजे विष. एरवी मी असलं काही वाचतही नाही, पण हे माझ्या मावशीपर्यंत पोचलं आणि तिने तिच्या पॉमेरेनियनसाठी फोन करून विचारलं, पॉमला काळे मनुके घालू की पिवळे?

कुठलेच नाही गं मावशी. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, डॉक्टर लोक हे कित्येक वर्षं ओरडून सांगतायत. नेमकं कशामुळे ते मात्र बराच काळ सापडत नव्हतं, आणि "कुठे सिद्ध झालंय?" म्हणणाऱ्यांचं त्यावरच फावतं. तर ऐका. अमेरिकेत एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं विषबाधेचं केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरांकडे एका कुत्र्याची केस आली, त्याने घरी बनवलेला खेळायचा प्लेडो (मळलेल्या पिठासारखा गोळा) खाल्ला होता, त्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे बेकिंगमध्ये वापरतात तो टार्टारिक ॲसिडचा क्षार, आणि किडनीचं नुकसान अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखं. त्यावरून 2021 मध्ये त्यांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं, जे द्राक्षात भरपूर असतं आणि मनुक्यात पाणी उडाल्यामुळे आणखी दाट होतं. पुढे त्यांनी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्या केसेसही मांडल्या. चिंचेतही तेच ॲसिड. म्हणजे ती "घरची आमटी" चिंच घातलेली असेल तर तीही बाद, आणि कांदा-लसणाची फोडणी असेल तर डबल बाद.

फॉरवर्डमध्ये असंही लिहिलंय की नाशिकच्या बागांतली कुत्री द्राक्षं खाऊनच धष्टपुष्ट असतात. खात असतील काही, आणि काहींना काही होतही नसेल, कारण द्राक्षाची जात कुठली, पिकलंय किती, यावर ॲसिड कमी-जास्त होतं आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल ते आधी सांगताच येत नाही. म्हणून तर सेफ आकडा कुणी देत नाही. बागेतलं पंचवीस किलोचं कुत्रं आणि मावशीचं तीन किलोचं पॉम यांना एकाच मापाने मोजणाऱ्याला काय बोलायचं!

लसणाबद्दल अर्धं खरं आहे तेवढं मान्य करते. आमटीतली एखादी पाकळी चुकून पोटात गेली म्हणून कुत्रं मरत नाही. पण कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने हा गुण जात नाही, आणि रोज घालत राहिलात तर ते साठत जातं. कांद्याचं बघायचं तर किलोमागे 15 ते 30 ग्रॅममध्ये रक्तात बदल दिसतात, म्हणजे तीन किलोच्या कुत्र्याला एक मध्यम कांदा पुरतो. गोचिडीसाठी डॉक्टरकडे औषध मिळतं, ते आणा ना.

तूप-पोळी-दूध. तीन किलोच्या मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 250 कॅलरी लागतात. त्यात तुपाची एक पोळी आणि येता-जाता चार ग्लुकोज बिस्किटं, संपलं की गणित, मांस-अंड्याला जागाच नाही. जास्त तुपाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते ते वेगळंच. दूध बऱ्याच मोठ्या झालेल्या कुत्र्यांना पचत नाही, जुलाब होतात, पुढे काय लिहायचं त्यात.

एकदाच जेवण हे मात्र डेंजर आहे, विशेषतः पिल्लांना. छोट्या ब्रीडच्या पिल्लाच्या अंगात साठा नसतो, पोट फार वेळ रिकामं राहिलं की साखर उतरते, ते लडबडायला लागतं, झटकेही येतात. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायचं असतं. मोठ्यांना दोनदा.

राहिलं पाकीट. पाकिटावाचून कुत्रं जगत नाही असं कुणी म्हणत असेल तर तेही खोटंच, घरचं करून घालता येतं. पण नुसतं चिकन-भात म्हणजे पूर्ण आहार नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी पडतं. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या लोकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती रेसिपी तपासल्या, त्यातल्या 95 टक्क्यांत काही ना काही आवश्यक गोष्ट कमी निघाली, आणि त्यात डॉक्टरांनी लिहिलेल्या रेसिपीही होत्या. तेव्हा घरचं घालायचंय तर डॉक्टरकडून वजनाप्रमाणे प्लॅन लिहून घ्या. कॅल्शियमसाठी शिजवलेली हाडं मात्र नको, ती फुटून टोकदार होतात.

आणि फॉरवर्ड वाचून कुणी मनुके घातले असतील तर "बघू उलटी होते का" म्हणून थांबू नका. उलटी एका दिवसात सुरू होते, पण किडनीची लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या दोनेक तासांत नेलंत तर डॉक्टर उलटी करवून बरंचसं बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्याने वेगळीच विषबाधा होते. कुत्र्याचं वजन, किती मनुके आणि किती वाजता, एवढं सांगा, आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) एकदा नॉर्मल आलं तरी पुढचे दोन-तीन दिवस परत तपासायला सांगतील तेव्हा कंटाळू नका.