येशूची समाधी श्रीनगरला नाही आणि कुराणात यहूदाचे नावही नाही

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) जवळ आला की सोलापुरात एक मजकूर फोनाफोनी फिरायला लागतो. कधी मराठीत, कधी उर्दूत, कधी तेलुगूत. शब्द इकडचे तिकडे होतात, पण सांगणे हेच: ‘ख्रिस्ती म्हणतात येशू क्रूसावर मेला. कुराण म्हणते त्याच्या जागी यहूदा मेला. खरे म्हणजे येशू फक्त बेशुद्ध पडला होता, शिष्यांनी औषध लावून त्याला वाचवले, तो काश्मीरला आला आणि श्रीनगरच्या रोजाबलमध्ये त्याने समाधी घेतली. लडाखच्या मठात पुरावा आहे. चर्चने 325 साली मतदान घेऊन पुनरुत्थान ठरवले आणि बर्नबासचे खरे शुभवर्तमान दडपले. शेवटी दोन्ही धर्म एकच सांगतात.’

आपल्याकडे एकाच पेठेत, एकाच कारखान्यात ख्रिस्ती आणि मुसलमान शेजारी-शेजारी राबतात. शेजाऱ्याची श्रद्धा काय, हे त्याला न विचारता परस्पर ठरवून टाकायचे, हे आम्हाला फार खटकते. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

आधी ‘समाधी’ हा शब्द. सोलापूरकराला तो समजावून सांगावा लागत नाही. तळ्यातल्या मंदिरात सिद्धरामेश्वरांची समाधी आहे आणि योग्याने स्वेच्छेने देह ठेवणे हा तिचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. पण ही कल्पना ना बायबलमध्ये आहे ना कुराणात. तिथे शब्द वेगळे आहेत: मरण, दफन, उठवले जाणे, वर घेतले जाणे. त्यांतले कोणते घडले आणि कोणत्या क्रमाने, यावरच तर दोन धर्मांचा मतभेद आहे. ‘समाधी घेतली’ म्हटले की तो सगळा प्रश्नच पुसला जातो.

‘कुराण म्हणते यहूदा मेला.’ यहूदा म्हणजे येशूला धरून देणारा त्याचा शिष्य. पण कुराण तसे नाही म्हणत. चौथी सूरह (अध्याय) अन-निसा, आयत (ओवी) 157 आणि 158 उघडा. मूळ शब्द आहेत ‘वमा कतलूहु वमा सलबूहु वलाकिन शुब्बिह लहुम’. म्हणजे त्यांनी त्याला ठार केले नाही, सुळावर चढवले नाही, पण त्यांना तसे भासवले गेले. पुढच्या आयतीत, उलट अल्लाहने त्याला आपल्याकडे उचलून घेतले. बस्स, इतकेच. यहूदाचे नाव संबंध कुराणात कुठेही नाही.

मग ‘त्याच्या जागी दुसरा’ हे आले कुठून? अनुवादाच्या कंसांतून. बऱ्याच अनुवादांत ‘भासवले गेले’ या शब्दांच्या आसपास कंस टाकून ‘दुसऱ्या एकाला त्याच्यासारखे रूप दिले’ अशा अर्थाची भर घातलेली असते. कंसाबाहेरचे शब्द आयतीचे, कंसातले भाष्यकाराचे. मजकूर पुढे पाठवताना कंस गळतात आणि भाष्य आयत होऊन बसते. चूक नेमकी इथे होते.

‘शुब्बिह’ हे कर्मणी क्रियापद आहे. भासवले कोणी, कोणाला कोणासारखे केले, हे वाक्यात आलेलेच नाही. ती जागा भाष्यकारांनी भरली आणि प्रत्येकाने वेगळी भरली. तबरी (मृत्यू 923) यांनी जुन्या कथनांची रांगच लावली आहे. एका कथनात घरातल्या सगळ्याच शिष्यांना ईसांचे (येशूला कुराणातले नाव) रूप आले, दुसऱ्यात एक शिष्य आपण होऊन पुढे झाला. इब्न कसीर (मृत्यू 1373) स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणाचे कथन देतात. विश्वासघातकीच पकडला गेला, असे सांगणारी कथनेही आहेत. जमख्शरी (मृत्यू 1144) व्याकरणाच्या अंगाने विचारतात की या क्रियापदाचा कर्ता नक्की कोण, आणि ‘त्यांचाच गोंधळ झाला’ असाही अर्थ लागतो, हे दाखवतात. फखरुद्दीन राजी (मृत्यू 1210) त्याहून खोल जातात. एका माणसाचे रूप दुसऱ्यावर चढू शकत असेल, तर डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरही विश्वास कसा ठेवायचा, हा आक्षेप ते स्वतःच मांडतात आणि मग त्याचे उत्तर शोधतात. इतक्या बारकाव्याची चर्चा ‘यहूदा मेला’ या दोन शब्दांत कोंबणे म्हणजे त्या विद्वानांवरही अन्यायच.

दुसरा अवघड शब्द ‘तवफ्फा’. तिसरी सूरह, आयत 55 मध्ये अल्लाह ईसांना सांगतो ‘इन्नी मुतवफ्फीक व राफिउक इलय्य’. धातूचा अर्थ पुरते घेणे. रोजच्या अरबीत ‘वफात’ म्हणजे मरण, आणि उर्दूतून तो शब्द आपल्याही कानावर आहे. पण कुराणात (सूरह 39, आयत 42) हेच क्रियापद मरणाला आणि झोपेला एकत्र लागते. त्यामुळे बहुसंख्य भाष्यकार इथे ‘पुरते ताब्यात घेऊन वर उचलीन’ असा अर्थ करतात. कोणी झोपेत उचलले म्हणतात. वहब इब्न मुनब्बिह यांच्या नावावर काही तासांच्या मरणाचे कथन आहे. आणि 1942 मध्ये इजिप्तचे महमूद शलतूत, जे पुढे कैरोच्या अल-अजहर विद्यापीठाचे शेख (प्रमुख) झाले, यांनी फतव्यात लिहिले की ईसा सदेह आकाशात जिवंत आहेत हे कुराणातून सिद्ध होत नाही. बहुसंख्य मुसलमानांची श्रद्धा मात्र हीच की ईसा अलैहिस्सलाम यांना मरण न येता वर उचलून घेतले गेले.

‘ख्रिस्ती म्हणतात येशू मेला.’ हे अर्धे वाक्य आहे, आणि अर्धे असल्यामुळेच खोटे ठरते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात प्रेषित पौल ओळीने चार क्रियापदे मांडतो: मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, दिसला. पहिल्यावर थांबणारा ख्रिस्ती सापडायचा नाही. प्रेषितांची कृत्ये याच्या पहिल्या अध्यायात त्यानंतर 40 दिवस आणि जैतुनाच्या डोंगरावरून स्वर्गारोहण येते. शुक्रवार दुपार ते रविवार पहाट हे तीन दिवस कसे, असा प्रश्न येतो. आपण राख सावडायला तिसऱ्या दिवशी जातो तेव्हा मृत्यूचा दिवस पहिला धरतो. मुसलमानांच्या जियारतीचा तिसरा दिवसही बहुधा असाच मोजतात. यहुदी मोजणीही तशीच होती.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या (येशूचरित्राच्या) सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन प्रतींत, 16 वा अध्याय आठव्या ओवीवर संपतो. 9 ते 20 या ओव्या त्यांत नाहीत, म्हणून आजच्या पुष्कळ बायबलांत त्या कंसात किंवा तळटीपेसह छापतात. पण ‘तो उठला आहे, तो येथे नाही’ हे सहाव्या ओवीत आहे. ती ओवी दोन्ही प्रतींत आहे.

आता बेशुद्धीचे. मार्क 15 मध्ये सकाळी नऊच्या सुमारास क्रूसावर, दुपारी तीनच्या सुमारास मरण. इतक्या लवकर? रोमी सुभेदार पिलातालाही तसेच वाटले, म्हणून त्याने शताधिपतीला बोलावून खात्री करून घेतली, हे त्याच अध्यायात 44 व्या ओवीत आहे. योहान 19 मध्ये शिपाई बाकी दोघांचे पाय मोडतात, कारण पाय मोडले की मरण लवकर येते. येशू आधीच मेलेला दिसला म्हणून त्याचे पाय मोडत नाहीत, पण कुशीत भाला खुपसतात. राहिले ‘औषध’. येशूला मानणाऱ्या निकदेमाने दफनासाठी आणलेले गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण शंभर लित्रा होते. रोमी लित्रा सुमारे 327 ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ 33 किलो. जखमेला कोणी 33 किलो मलम लावत नाही. ही यहुद्यांच्या पुरण्याच्या रीतीप्रमाणे तागाच्या कापडात गुंडाळायची सुगंधी द्रव्ये होती, आणि योहान पुढच्याच ओवीत तसे सांगतो.

रोजाबलचा दावा कोणाचा? ख्रिस्ती लोकांचा नाही, बहुसंख्य मुसलमानांचाही नाही. कादियानचे मिर्झा गुलाम अहमद (1835–1908) यांनी 1899 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तो मांडला आणि अहमदिया पंथ तो मानतो. त्यांची मांडणी त्यांच्या नावाने सांगावी, ‘कुराणात आहे’ म्हणून नव्हे. खानयार भागातली ती कबर यूझ आसफ यांची म्हणून ओळखली जाते, आणि अठराव्या शतकातल्या काश्मीरच्या फारसी इतिहासात ते परदेशातून आलेले राजपुत्र आणि पैगंबर म्हणून येतात. या नावाचा माग थेट बुद्धापर्यंत जातो. बोधिसत्त्व या शब्दाचे अरबीत ‘बूदासफ’ झाले. अरबी लिपीत शब्दारंभीचे ‘ब’ आणि ‘य’ यांची आकृती एकच. ‘ब’ला खाली एक नुक्ता (टिंब), ‘य’ला दोन. नकलाकाराच्या हातून एक नुक्ता वाढला आणि ‘यूदासफ’ झाले, पुढे ‘यूझ आसफ’. राजवाडा सोडून संन्यास घेणाऱ्या राजपुत्राची तीच कथा युरोपात ‘योसाफत’ नावाने संतकथा झाली. यूझ म्हणजे येशू, हे जुळवणे केवळ कानाला बरे वाटते म्हणून केलेले.

लडाखचा पुरावा तर या मजकुराच्याच मुळावर येतो. रशियन लेखक निकोलास नोतोविच यांनी 1894 मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तक काढून हेमिस मठात ‘इस्सा’चे चरित्र पाहिल्याचे सांगितले. त्याच वर्षी संस्कृत पंडित माक्स म्युल्लर यांनी त्यावर टीका केली. 1895 मध्ये आग्र्याचे प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस मठात गेले, तेव्हा तिथल्या प्रमुख लामांनी असा ग्रंथ असल्याचे साफ नाकारले. ते सगळे बाजूला ठेवले तरी नोतोविचच्या कथेतला इस्सा तरुणपणी हिंदुस्थानात येतो, परत जातो आणि यहूदियात क्रूसावर मरतो. मग श्रीनगरला पुरला कोण?

325 साली नायसियाच्या धर्मपरिषदेत वाद होता तो पुत्र (येशू) पित्याशी (देवाशी) एकरूप की निर्मिलेला, यावर, एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीमुळे. पुनरुत्थान मतदानाला नव्हतेच. पौलाचे ते पत्र साधारण 55 सालचे, म्हणजे परिषदेच्या 270 वर्षे आधीचे.

बर्नबासचे शुभवर्तमान मुसलमान मित्र पुष्कळदा भाबडेपणाने पुढे करतात, म्हणून ते नीट पाहायला हवे. चर्चच्या जुन्या वर्ज्य पुस्तकांच्या यादीत त्या नावाच्या एका पुस्तकाचा उल्लेख आहे, पण त्याचा मजकूर उरलेला नाही. आज मिळते ते व्हिएन्नातल्या इटालियन हस्तलिखितातले आणि एका अपुऱ्या स्पॅनिश प्रतीतले. त्यात येशू होडीने नासरेथला पोचतो, पण नासरेथ डोंगरातले गाव. त्यात दर शंभर वर्षांनी येणारे जुबिली वर्ष आहे, आणि ती रीत पोप बोनिफास आठवे यांनी 1300 साली घातली. यहूदाला येशूचे रूप आल्याची कथाही याच पुस्तकात आहे. शिवाय त्यात येशू स्वतः मसीह (देवाने अभिषिक्त केलेला) असल्याचे नाकारतो, तर कुराण ईसांना वारंवार ‘अल-मसीह’ म्हणते. हे पुस्तक खरे मानले तर कुराणच चुकले असे म्हणावे लागेल, आणि ते तर कोणत्याच मुसलमानाला मान्य होणार नाही.

उरले ‘दोन्ही एकच सांगतात’. दोघेही मानतात की येशू आज जिवंत आहे आणि परत येणार. इथपर्यंत खरे. ख्रिस्ती श्रद्धेत तो न्याय करायला येईल, आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे एकदा मेलेल्यांतून उठलेला तो पुन्हा मरत नाही. मुस्लिम परंपरेत, सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसप्रमाणे (हदीस म्हणजे पैगंबर मुहम्मदांचे वचन), ईसा दमास्कसच्या पूर्वेला पांढऱ्या मिनाराशी उतरतील. बुखारीच्या हदीसप्रमाणे ते क्रूस मोडतील. अबू दाऊदच्या कथनात ते 40 वर्षे पृथ्वीवर राहतील, मग त्यांना मरण येईल आणि मुसलमान त्यांची जनाज्याची नमाज पढतील. सूरह मरियमच्या 33 व्या आयतीत बाळ ईसा पाळण्यातून म्हणतात, मी जन्मलो त्या दिवशी, मी मरेन त्या दिवशी आणि मला पुन्हा उठवले जाईल त्या दिवशी माझ्यावर शांती असो. विजापूर वेशीतला मुसलमान ही आयत पढतो तेव्हा त्यातला मधला दिवस त्याच्या लेखी अजून यायचा आहे. चर्चमध्ये उत्तम शुक्रवारी बसलेल्या ख्रिस्ती माणसाच्या लेखी तो येऊन गेला आहे.