युद्धनौकेवर घरच्यांचं काय काम?

मे २०१९मध्ये, लोकसभेच्या प्रचारात, पंतप्रधान मोदींनी आरोप केला होता की राजीव गांधींनी १९८७च्या डिसेंबरात ‘आयएनएस विराट’ घरच्यांच्या सुट्टीसाठी टॅक्सीसारखी वापरली. १९८७मध्ये दक्षिण नौदल कमांडचे प्रमुख असलेले ॲडमिरल रामदास आणि इतर काही निवृत्त अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. दौरा सरकारी होता, असं त्यांचं म्हणणं. निवडणूक संपली, वाद मागे पडला. पण युद्धनौकेवर साडी किंवा शाळकरी पोर दिसलं की ‘आमच्या पैशांवर सहल’ म्हणणारा सूर काही गेला नाही. भारतीय नौदल ‘डे ॲट सी’ म्हणून कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना दिवसभरासाठी समुद्रावर नेतं, त्यावरही तो लागतो.

अमेरिकेत नॉरफोक आणि सॅन दिएगो ही नौदलाची मोठी बंदरं. इथे राहून या प्रश्नाकडे पाहिलं की वाटतं, आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालतोय. बड्या पाहुण्याला जहाज दाखवणं वेगळं आणि सहा-आठ महिने घर एकटीने ओढणाऱ्या बायकोला नवऱ्याचं कामाचं ठिकाण दाखवणं वेगळं. पहिल्यावर जेवढा संशय घ्याल तेवढा थोडा. दुसरं मात्र नौदलाचं कर्तव्यच आहे, असं माझं ठाम मत आहे.

पाहुण्यांच्या हौसेची किंमत अमेरिकेने मोजली आहे. ९ फेब्रुवारी २००१ रोजी हवाईजवळ ‘ग्रीनव्हिल’ या पाणबुडीवर सोळा नागरी पाहुणे होते. त्यांना दाखवण्यासाठी पाणबुडी एकदम उसळून वर आणली, ती थेट ‘एहिमे मारू’ या जपानी प्रशिक्षण जहाजाच्या तळाला धडकली. नऊ जण गेले, त्यातली चार शाळकरी मुलं. चौकशीत निघालं की पाणबुडी त्या दिवशी मुळात पाहुण्यांसाठीच समुद्रात गेली होती. नियंत्रण कक्षातल्या गर्दीने अधिकाऱ्यांच्या कामात अडथळा आला, हेही निघालं. ‘कोण चढलं’ यापेक्षा ‘जहाज कशासाठी निघालं आणि कर्मचाऱ्यांच्या हातातलं काम कोणी अडवलं’ हे प्रश्न विचारायला हवेत. आपल्याकडच्या वादात ते कोणी विचारत नाही.

कुटुंबांसाठी इथे दोन प्रकार आहेत. ‘फॅमिली डे क्रूझ’ म्हणजे पहाटे निघून दुपारी-संध्याकाळी परत. यात बायको किंवा नवरा, मुलं, आईवडील येतात. ‘टायगर क्रूझ’ म्हणजे मोहिमेवरून परतताना शेवटच्या टप्प्यात, बहुधा हवाई ते सॅन दिएगो असे काही दिवस, नातेवाइकांनी जहाजावर राहायचं. त्यात जोडीदाराला सहसा घेत नाहीत. हवाईपर्यंतचं तिकीट आपलं आणि जेवणाचे पैसेही पाहुण्याने भरायचे. ‘सरकारी खर्चाने’ या आरोपाला हे साधं उत्तर आहे, आणि ते आपल्याकडेही सहज लागू करता येईल.

आठ वर्षांखालची मुलं साधारणपणे नेत नाहीत. शिड्या जवळजवळ उभ्या असतात, त्या मुलाला कडेवर घेऊन उतरता येत नाहीत. आणि लाइफ जॅकेट घालून सूचना पाळण्याइतकी समज लागते. गरोदर बाईला नकार मिळतो. प्रसूतीची सोय जहाजावर नसते आणि हेलिकॉप्टर नेहमी हाताशी असेलच असं नाही. नावं आधी द्यावी लागतात. भारतीय पासपोर्टवर आलेल्या सासूसासऱ्यांची छाननी वेगळी होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तारीख कळल्या दिवशीच कागद द्यावेत.

कपड्यांत चूक हमखास होते. पँट आणि पुढून बंद, सपाट तळाचे बूट हवेत. साडी आणि ओढणी नकोच. अंगठ्या काढून ठेवाव्यात. शिडीवरून पाय घसरला आणि अंगठी आकड्यात अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. मंगळसूत्र कपड्यांच्या आत घ्यावं, बांगड्या घरी ठेवाव्यात. शिडी उतरताना तोंड शिडीकडे, दोन्ही हात मोकळे. जलरोधक दारांचा उंबरा नडगीच्या उंचीला येतो. जहाज कललं की ते जड दार आपोआप फिरतं, म्हणून मुलांना चौकटीला हात लावू देऊ नये.

समुद्र लागण्यावरची गोळी धक्का सोडण्यापूर्वी तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर ती उलटीतच जाते. विमानवाहू नौका फारशी हलत नाही. विनाशिका मात्र वेग कमी करून लाटांना आडवी झाली की चांगलीच डोलते. तेव्हा जहाजाच्या मध्यभागी यावं आणि क्षितिजाकडे बघावं. विमानं उडणार असतील तर कानात फोमचे बोळे आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही. चष्म्याच्या काड्यांमुळे मफला फट राहते, तिथून आवाज आत शिरतो.

एवढं करून मिळतं काय? विमानांचं उड्डाण सगळ्यांना आठवतं. मला महत्त्वाची वाटते ती झोपायची जागा: एकावर एक तीन बंक, मधल्यात कूस बदलताना खांदा वरच्या बंकला घासतो, सामानाला गादीखालचा उथळ खण आणि एक पडदा, तेवढाच खासगीपणा. दुसरी गोष्ट ‘रिव्हर सिटी’. ही घोषणा झाली की ईमेल आणि फोन बंद होतात. कधी जहाजाचा ठाव कळू नये म्हणून, कधी अपघातानंतर बातमी आधी त्या घरी रीतसर पोचावी म्हणून. ज्या बायकोने हे जहाजावर समजून घेतलं, ती चार दिवस निरोप आला नाही तर रात्रभर जागत नाही. १९७०मध्ये अमेरिकी नौदलाचे तेव्हाचे प्रमुख ॲडमिरल झुमवाल्ट यांनी नाविकांच्या बायकांचं म्हणणं थेट कप्तानापर्यंत नेणारी ओम्बड्समन व्यवस्था सुरू केली. घर सैरभैर झालं की नाविक नोकरी सोडतो, हे तेव्हाच कळलं होतं.

इथलं सगळंच उचलू नये. टायगर क्रूझवर भाऊ, मित्र चढतात आणि बायको धक्क्यावर थांबते, हे मला पटत नाही. झोपायची सोय वेगळी ठेवली की प्रश्न मिटतो. ४ डिसेंबर २०२३ला नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर झाला, हजारो लोकांनी वाळूवरून प्रात्यक्षिकं पाहिली, ते चांगलंच झालं. आता ‘डे ॲट सी’चे नियम सर्वांना वाचता येतील असे छापावेत: कोण येऊ शकतं, किमान वय किती, जेवणाचं शुल्क किती, जहाज त्या दिवशी कोणत्या सरावासाठी निघणार होतं. मंत्री आणि नट यांच्यासाठी वेगळं पान ठेवावं, आणि ते जास्त कडक असावं.