लेकीच्या ताटातली भाकरी मोजणं मी सोडलं

मागच्या दिवाळीत लेक पुण्याहून परभणीला आली. रात्रभर गाडीत बसून आलेली, अजून पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती, तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय माय, चांगलीच सुटलीस की! पुण्याचं पाणी मानवलं वाटतं." लेक हसली. मीही हसले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी मी तिला म्हणाले, "काकूंचं काही खोटं नाही. स्थळं बघायलोत, जरा कमी कर."

सव्वीस वर्षांची, स्वतःच्या पगारावर राहणारी पोरगी. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन "पोट भरलं" म्हणत उठली. पुढचे तीन दिवस तेच. चौथ्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ती ओट्याजवळ अंधारात उभी होती. चिवड्याचा डबा उघडलेला, आणि खाली ठेवताना आवाज होऊ नये म्हणून झाकण तिनं पोटाशी धरलेलं. मला बघितलं आणि मुठीतला चिवडा परत डब्यात टाकला.

माझ्या घरात माझ्या लेकीला चोरून खावं लागलं. चूक माझी होती.

तिचे केस मूठमूठ गळत होते. गेल्या काही महिन्यांपासून ती अधूनमधून रात्रीचं जेवण सोडत होती, हेही मला तेव्हाच कळलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9. बायकांचं 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. वजन जास्त आणि रक्त कमी, दोन्ही एकाच अंगात! मला नवल वाटलं होतं, पण यात नवल काही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला, आणि साधारण चौघींत एकीचं वजन जास्त निघालं. वजन डोळ्याला दिसतं, म्हणून सगळे बोलतात. "तुझं रक्त किती गं?" असं दारात कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. डॉक्टरांनी आधी थायरॉईड तपासायला सांगितलं, पाळी वेळेवर येते का विचारलं. आम्ही मात्र थेट भाकरी मोजायला बसलो होतो.

माझ्या मुलाचंही पोट सुटलंय. त्याला सगळे "खात्यापित्या घरचा" म्हणतात.

मैत्रिणी म्हणतात, आईनं नाही बोलायचं तर कुणी? बायांनो, तिला आरसा आहे. ड्रेस दंडात घट्ट होतो ते आपल्या आधी तिला कळतं. तिला सांगणारे ढीगभर आहेत. तिच्याकडं नाही तो वेळ आणि वेळेवरचं गरम जेवण.

हे मला जानेवारीत कळलं, तिच्या खोलीवर दहा दिवस राहिले तेव्हा. शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा. मेसच्या डब्यात वातड पोळ्या, बटाटा, आणि तळ दिसेल असं वरण. रात्री साडेअकराला भूक लागली की उघडं काय, तर वडापावची गाडी. मी एक शब्द बोलले नाही. सोबत नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी, मुगाचं घट्ट वरण, हरभऱ्याची नाहीतर मेथीची भाजी, जवसाची चटणी, असं मला जे लागतं तेच रांधलं आणि तिच्यासोबत जेवले. ताटात लिंबाची फोड ठेवली, कारण लिंबानं भाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं. जेवल्याबरोबर चहा घेतला की ते कमी लागतं, म्हणून माझाही चहा तासभर पुढं ढकलला. गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, त्या चालूच होत्या.

आपण भाकरीला गरिबाचं खाणं म्हणून मागं टाकलं याची मला खरंच हळहळ वाटते. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 2018 मध्ये 'परभणी शक्ती' नावाचं ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त. आणि आपल्या पोरी पुण्यात पावडरचे डबे विकत घेतात.

मध्यंतरी एका स्थळाकडून फोनवर पहिलाच प्रश्न आला, मुलीचं वजन किती? आमच्या यांनी तिथंच नमस्कार केला आणि फोन ठेवला. मला फार बरं वाटलं.

आता मी फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारते. हिमोग्लोबिन 11.2 झालं, हे तिनंच आपणहून सांगितलं. वजन किती उतरलं मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

परवा तिचा फोन आला, "आई, भाकरी थापायले, पण काठाला चिरायलीय. काय करू?"

म्हटलं, पीठ जुनं झालं असंल. कढत पाण्यात मळ, आणि मी पुढच्या आठवड्यात येताना ताजं दळून आणते.